सेटिंग बदललं, तरी प्रिंट जुनीच का येते?

ऑफिसातली प्रिंटरची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "सेटिंग बदललं, ओके केलं, तरी तसंच येतंय." ऐकायला एकच वाटतं, पण या वाक्याआड निदान चार वेगळे बिघाड असतात. कुणाचा बदल सेव्हच होत नाही. खिडकी पुन्हा उघडली की जुना पर्याय तिथेच बसलेला. कुणाचा सेव्ह होतो, स्क्रीनवर दिसतोही, पण कागदावर उतरत नाही. कुणाच्या लॉगिनवर सगळं नीट चालतं आणि त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्याने लॉगिन केलं की पाठपोट प्रिंट बंद. आणि कुणाला हवा तो पर्यायच फिकट दिसतो, त्यावर क्लिकच होत नाही.

सल्ला मात्र चौघांनाही एकच मिळतो: प्रिंटर काढून टाका आणि परत बसवा. कधीकधी त्याने काम होतं. का झालं ते कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तेच रडगाणं सुरू होतं. म्हणून थोडं आत जाऊन पाहू. इथे मी विंडोजबद्दलच जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडच्या दुकानांत, शाळांत आणि वकिलांच्या ऑफिसांत बहुतेक तेच असतं.

प्रत्येक प्रिंटसोबत जाणारी चिठ्ठी

गिरणीत दळणाचा डबा ठेवताना आपण वर चिठ्ठी लावतो: नाव, ज्वारी, बारीक. घरी काय ठरलं होतं ते गिरणीवाला विचारत बसत नाही, डब्यावर जे लिहिलंय ते वाचतो आणि दळतो. विंडोजही प्रत्येक प्रिंटसोबत अशी एक चिठ्ठी पाठवतं. तिचं तांत्रिक नाव डेव्हमोड.

या चिठ्ठीत बहुतेक गोष्टी आकड्यांत लिहिलेल्या असतात. कागदाचं माप लेटर असेल तर १, लीगल असेल तर ५, ए-फोर असेल तर ९. पाठपोटसाठीही असेच आकडे: १ म्हणजे एकाच बाजूने, २ आणि ३ म्हणजे दोन्ही बाजूंनी, कागद कोणत्या कडेवर पलटायचा एवढाच फरक. रंगीत की काळं-पांढरं, किती प्रती, कोणत्या ट्रेमधून, हे सगळं तिथेच. हा झाला सगळ्या प्रिंटरांना समजणारा भाग. त्याच्या पुढे कंपनीचा खाजगी भाग जोडलेला असतो: टोनर वाचवा, पिन टाकल्यावरच प्रिंट द्या, स्टेपल मारा वगैरे. तो भाग फक्त त्या कंपनीच्या ड्रायव्हरलाच, म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यात दुभाषाचं काम करणाऱ्या प्रोग्रॅमलाच, वाचता येतो. ही गोष्ट लक्षात असू द्या, ड्रायव्हर बदलल्यावर होणाऱ्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

खरी मेख पुढे आहे. ही चिठ्ठी दर वेळी कोरी लिहिली जात नाही. कॉम्प्युटरकडे एक मूळ प्रत असते. तिच्यावरून तुमच्या लॉगिनची प्रत होते. तिच्यावरून वर्ड किंवा एक्सेल स्वतःची प्रत काढून घेतं, आणि काही वेळा ती फाइलमध्येही साठवतं. एकदा प्रत निघाली की मागच्या प्रतीत केलेला बदल पुढे पोहोचत नाही. तुम्ही बदललेलं सेटिंग हरवलेलं नसतं. ते एका जागी व्यवस्थित बसलेलं असतं आणि प्रिंट दुसऱ्याच जागेवरून निघत असते.

एकसारख्या दिसणाऱ्या तीन खिडक्या

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, ब्लूटूथ अँड डिव्हायसेसमध्ये जा, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स निवडा आणि आपला प्रिंटर उघडा. तिथे दोन नावं शेजारी दिसतील: प्रिंटिंग प्रेफरन्सेस आणि प्रिंटर प्रॉपर्टीज.

प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये जे बदलाल ते फक्त तुमच्या लॉगिनपुरतं. ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, तुमच्या खात्याच्या भागात लिहिलं जातं. शेजारच्या लॉगिनला त्याचा पत्ताही नसतो.

प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ॲडव्हान्स्ड टॅब उघडला की खाली प्रिंटिंग डिफॉल्ट्स नावाचं बटण असतं. ते दाबल्यावर जी खिडकी येते ती प्रेफरन्सेससारखीच हुबेहूब दिसते. तेच टॅब, तीच चित्रं, तीच बटणं. पण ही कॉम्प्युटरची मूळ प्रत, सगळ्यांसाठी, आणि ती बदलायला ॲडमिनचे अधिकार लागतात. एखाद्या वापरकर्त्याची स्वतःची प्रत तयार झालेली नसेल तरच विंडोज त्याला ही मूळ प्रत वापरायला देतं. ज्याने पूर्वी कधी प्रेफरन्सेसमध्ये जाऊन काही बदललंय, त्याच्याकडे स्वतःची प्रत आहे, म्हणून मूळ प्रतीत तुम्ही काहीही करा, त्याच्या प्रिंटवर परिणाम शून्य. नव्या माणसाचं लॉगिन बरोबर चालतं आणि दहा वर्षं काम करणाऱ्या बाईंचं चालत नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

तिसरी खिडकी आणखी फसवी. वर्डमध्ये फाइल, मग प्रिंट, मग प्रिंटर प्रॉपर्टीज केलं की पुन्हा तीच खिडकी उघडते. इथे ओके केलेलं सेटिंग मात्र त्या वेळी उघड्या असलेल्या वर्डपुरतंच. वर्ड बंद केलं की गेलं. "मी रोज सकाळी पाठपोट करते, रोज संध्याकाळी जातं," असं कुणी म्हणालं तर त्यांना आधी हे विचारावं की कोणत्या खिडकीतून करता. दहांतले बरेचजण वर्डमधून करत असतात. विंडोजने या तिन्ही खिडक्यांवर ठळक अक्षरांत "फक्त या कामापुरतं", "फक्त तुमच्यासाठी", "सगळ्यांसाठी" असं लिहिलं असतं तर निम्म्या तक्रारी उद्भवल्याच नसत्या. पण खिडकी ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपनीची, विंडोज ती नुसती उघडून देतं.

उलटही होतं. तुम्ही प्रेफरन्सेसमध्ये जाऊन अगदी योग्य जागी बदल केलात, पण त्या वेळी वर्ड उघडंच होतं. बरीचशी ॲप्स आपली प्रत एकदा काढून घेतात आणि बंद होईपर्यंत तीच वापरतात. म्हणून सेटिंग बदलल्यावर ॲप पूर्ण बंद करून उघडायचं. रांगेत आधीच लागलेल्या प्रिंटचीही तीच गत: त्यांच्या चिठ्ठ्या केव्हाच लिहून झाल्यात. विंडोज प्रत्येक कामासाठी स्पूल फोल्डरमध्ये, म्हणजे रांगेतल्या प्रिंट साठवायच्या जागी, दोन फाइली ठेवतं, एकीत मजकूर आणि दुसरीत त्या कामाची माहिती. नंतर केलेल्या बदलाने त्या फाइली बदलत नाहीत. अडकलेल्या प्रिंट रद्द करा आणि नव्याने द्या.

फाइलमध्ये लपलेलं सेटिंग

सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये लीगलऐवजी ए-फोर कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई स्वीकारली. लीगल म्हणजे २१६ बाय ३५६ मिलिमीटर, ए-फोर म्हणजे २१० बाय २९७. वर्षानुवर्षं लीगलवर चालणाऱ्या ऑफिसात असा बदल करायचा म्हटलं की प्रिंटरमध्ये ए-फोर लावला जातो, प्रेफरन्सेसमध्ये ए-फोर, डिफॉल्ट्समध्येही ए-फोर, आणि तरी प्रिंटर लीगल मागत थांबतो.

कारण वर्डमध्ये कागदाचं माप फाइलच्या आत असतं. आणि वकिली ऑफिसात नवा अर्ज कोऱ्या फाइलवर कोण टाइप करतं? जुना अर्ज उघडायचा, सेव्ह ॲज करायचं, नावं आणि तारखा बदलायच्या. २०१४ चा लीगल अर्ज असा फाइलमागून फाइलीत उतरत येतो. शिवाय वर्डमध्ये माप संपूर्ण फाइलचं नसून सेक्शनचं असतं. मधे कुठे सेक्शन ब्रेक असेल तर पहिली चार पानं ए-फोर आणि पुढचं परिशिष्ट लीगल असंही होतं. लेआउटमध्ये पेज सेटअपची पूर्ण खिडकी उघडा, ए-फोर निवडा आणि खाली अप्लाय टूमध्ये होल डॉक्युमेंट निवडायला विसरू नका. मग ती फाइल नमुना म्हणून वेगळी ठेवा, आणि पुढचे अर्ज तिच्यावरून काढा. लीगल माप असलेली मूळ फाइल फोल्डरात तशीच राहिली तर कुणीतरी सवयीने तीच उघडणार.

वर्डचा आणखी एक खोडकर पर्याय आहे. ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, प्रिंट या भागात ए-फोर आणि अमेरिकन लेटर यांच्यात मजकूर आपोआप लहान-मोठा करण्याची सोय असते. लेटर म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर, ए-फोरपेक्षा किंचित रुंद आणि आखूड. छापील फॉर्मवर नेमक्या चौकटीत अक्षरं बसवायची असतील आणि ती सारखी दोन मिलिमीटर सरकत असतील, तर तो पर्याय बंद करून पाहा.

एक्सेलचं प्रकरण यापेक्षा गुंतागुंतीचं. एक्सेल प्रत्येक शीटसाठी वेगळं पेज सेटअप ठेवतं, आणि त्याबरोबर प्रिंटरची ती चिठ्ठीसुद्धा फाइलमध्ये कोंबतं. आताची एक्सेल फाइल ही मुळात झिप असते. ती उघडून पाहिली तर आत प्रिंटर सेटिंग्ज नावाचं एक फोल्डर सापडतं आणि त्यात शीटच्या चिठ्ठ्या बसलेल्या असतात. म्हणजे दुसऱ्या ऑफिसातून ईमेलने आलेल्या पगारपत्रकासोबत तिकडच्या प्रिंटरचं लेटर माप किंवा काळं-पांढरं सेटिंगही तुमच्याकडे येतं. मग इथे रंगीत निवडलं तरी ती शीट काळीच.

"पूर्ण वर्कबुक पाठपोट दिलं, पहिली शीट पाठपोट आली, बाकी सगळ्या एका बाजूने" ही तक्रारही यातूनच निघते. पहिल्या शीटची चिठ्ठी बदलली, बाकीच्यांच्या तशाच राहिल्या. खालच्या पहिल्या शीटवर क्लिक करा, शिफ्ट दाबून शेवटच्या शीटवर क्लिक करा म्हणजे सगळ्या एकत्र निवडल्या जातील. मग पेज सेटअपमधून ऑप्शन्स उघडून पाठपोट लावा. काम झाल्यावर शीटची निवड सोडा, नाहीतर एका शीटमध्ये टाइप केलेलं सगळ्यांत उमटेल, आणि ती चूक पगारपत्रकात फार महागात पडते. एखादी शीट कशालाच दाद देत नसेल तर फक्त मजकूर कॉपी करून नव्या वर्कबुकात टाका. शीटच्या टॅबवरून मूव्ह ऑर कॉपी केलं तर जुनं पेज सेटअपही मागे मागे येतं.

पीडीएफही निष्पाप नाही. फाइल बनवणाऱ्याने ठरवलं तर पीडीएफमध्येच "मजकूर ताणू नका", "पाठपोट छापा", "पानाच्या मापाप्रमाणे ट्रे निवडा", "इतक्या प्रती काढा" अशा सूचना लिहिता येतात, आणि ॲक्रोबॅट रीडर त्या मान्य करतो. प्रिंटच्या खिडकीत पानाच्या मापानुसार कागद निवडण्याची खूण असेल तर ती काढून बघा. क्रोम ब्राउझर तर स्वतःचीच प्रिंट खिडकी दाखवतो आणि मागच्या वेळी निवडलेलं लक्षात ठेवतो. तिथे कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकत्र दाबलं की विंडोजची खिडकी उघडते. क्रोममधून बिघडलेलं आणि या खिडकीतून बरोबर येत असेल, तर दोष कुठला हे कळलंच.

फिकट दिसणारे पर्याय

पाठपोटचा पर्याय फिकट असेल, किंवा दुसरा ट्रे यादीतच नसेल, तर ड्रायव्हरला प्रिंटरच्या अंगात काय काय आहे ते माहीत नाही असं समजा. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये डिव्हाइस सेटिंग्ज नावाचा टॅब असतो. काही कंपन्या त्याला वेगळं नाव देतात. तिथे ड्युप्लेक्स युनिट (पाठपोट छापणारा भाग), जादा ट्रे, मेमरी यांच्यापुढे "इन्स्टॉल्ड" किंवा "नॉट इन्स्टॉल्ड" असं लिहिलेलं दिसेल. ड्रायव्हर बसवताना प्रिंटर बंद असेल किंवा नेटवर्कवर सापडला नसेल, तर ड्रायव्हर "काहीच नाही" असं धरून चालतो आणि नंतर स्वतःहून विचारायला जात नाही. इथे हाताने "इन्स्टॉल्ड" करा किंवा आपोआप माहिती घेण्याचा पर्याय असेल तर तो वापरा.

दुसरं कारण अलीकडचं. नवा प्रिंटर जोडला की विंडोज अनेकदा कंपनीचा ड्रायव्हर न घेता स्वतःचा, कुठल्याही कंपनीच्या प्रिंटरला चालणारा सर्वसाधारण ड्रायव्हर (आयपीपी) लावतं. प्रिंट निघते, पण कंपनीचे खास पर्याय त्यात नसतात. प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये ड्रायव्हरचं नाव वाचा. तिथे मायक्रोसॉफ्टचं नाव असेल आणि तुम्हाला पिनवाली प्रिंट किंवा स्टेपल हवं असेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावरून पूर्ण ड्रायव्हर आणावा लागेल. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलंय की कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर विंडोजमधून टप्प्याटप्प्याने मागे पडतील. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत सुरक्षित प्रिंटचा एक नवा प्रकार आलाय. तो चालू केला की कंपन्यांचे ड्रायव्हर चालतच नाहीत. एखाद्या अपडेटनंतर सगळे पर्याय एकदम गायब झाले असतील तर तो कुणी चालू केलाय का, हे प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये खाली बघा. सुरक्षेच्या दृष्टीने कल्पना चांगली आहे, पण दहा वर्षं जुना लेझर प्रिंटर मजेत चालवणाऱ्या छोट्या दुकानदाराला ती जड जाणार.

काढून परत बसवूनही काही होत नाही

प्रिंटर काढला म्हणजे फक्त यादीतलं नाव गेलं. ड्रायव्हर विंडोजच्या साठ्यात तसाच असतो, आणि परत बसवताना विंडोज तोच उचलतं. तो खराब असेल तर परत तेच. खरंच काढायचा असेल तर प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज उघडा, ड्रायव्हर्स टॅबमध्ये तो निवडा आणि रिमूव्ह करताना ड्रायव्हर आणि पॅकेज दोन्ही काढण्याचा पर्याय घ्या. वापरात आहे म्हणून नकार मिळाला तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग) रीस्टार्ट करा आणि लगेच पुन्हा प्रयत्न करा.

ड्रायव्हरची आवृत्ती बदलल्यावर सेटिंग्ज मूळपदावर जाण्याचं कारण वर आलंच आहे: चिठ्ठीचा खाजगी भाग नव्या ड्रायव्हरला जुळत नाही, म्हणून तो स्वतःच्या मूळ सेटिंग्जवर जातो. अपडेटनंतर टोनर-बचत बंद झाली, असं वाटलं तर त्यात गूढ काही नाही, पुन्हा एकदा लावून घ्या.

यादीत एकच प्रिंटर दोनदा दिसतोय का, हेही पाहा. नावापुढे "कॉपी १" असतं. राउटर बंद-चालू झाला, प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) बदलला, जुनी नोंद ऑफलाइन गेली, कुणीतरी प्रिंटर पुन्हा जोडला, असा त्याचा इतिहास असतो. मग तुम्ही एका नोंदीत सेटिंग बदलता आणि वर्ड दुसऱ्या नोंदीवर प्रिंट पाठवतं. न लागणारी नोंद काढा आणि राउटरमध्ये प्रिंटरला कायमचा एक पत्ता राखून द्या.

याच घरातला दुसरा चावटपणा म्हणजे डिफॉल्ट प्रिंटर आपोआप ठरवण्याचा पर्याय. नोव्हेंबर २०१५ च्या विंडोज १० अपडेटमधून तो आला. चालू असेल तर त्या ठिकाणी शेवटचा वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो. दुपारी एकदा चुकून पीडीएफवर प्रिंट दिली की संध्याकाळची सगळी बिलं पीडीएफ म्हणून सेव्ह करायला विचारतात. ऑफिसात हा पर्याय बंदच असावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही ठिकाणी कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की सगळंच जुनं होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा सायबर कॅफेत रीस्टार्टला यंत्र मूळ स्थितीत आणणारं सॉफ्टवेअर असतं. ते आपलं काम चोख करत असतं. ते तात्पुरतं बंद करूनच सेटिंग बदलावं लागतं. मोठ्या कचेरीत लॉगिनच्या वेळी ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून सगळ्या यंत्रांना लागणारे नियम) प्रिंटर नव्याने लावून देते, तिथे तुमच्या टेबलावरून कितीही प्रयत्न केलेत तरी उपयोग नाही, सर्व्हरवालाच हवा. आणि लॉगिन झाल्यावर "तात्पुरत्या प्रोफाइलने साइन इन झालंय" असा संदेश येत असेल, तर प्रिंटर बाजूला ठेवा. त्या प्रोफाइलमधलं काहीच टिकत नाही, डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइलीसुद्धा. आधी त्या वाचवा.

शेअर केलेला प्रिंटर आणि २०२१ नंतरचा घोळ

एका कॉम्प्युटरला यूएसबीने प्रिंटर, बाकीचे नेटवर्कवरून त्यावर प्रिंट देणार, ही आपल्याकडची आवडती मांडणी. इथे आणखी एक प्रत वाढते. मूळ सेटिंग प्रिंटर जोडलेल्या यंत्रावर. तुमचं यंत्र जोडणी करताना तिथून ड्रायव्हर आणि सेटिंग्ज घेतं. पुढे तुमच्या लॉगिनची स्वतंत्र प्रत होते. तिकडे बदल केला की इकडे दिसेलच असं नाही. अशा वेळी आपल्या यंत्रावरची जोडणी काढून नव्याने जोडली तर खरोखरच फरक पडतो, म्हणून तो सल्ला इतका लोकप्रिय झाला असावा.

२०२१ च्या उन्हाळ्यात विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये मोठी भेग सापडली. प्रिंटनाइटमेअर या नावाने ती गाजली. प्रिंटर ड्रायव्हर बसवण्याच्या सोयीतून यंत्राचा पूर्ण ताबा घेता येत होता. जुलैमध्ये तातडीची दुरुस्ती आली आणि ऑगस्टपासून असा ड्रायव्हर बसवायला किंवा बदलायला ॲडमिनचे अधिकार लागू लागले. त्याआधी सर्व्हरवर, म्हणजे प्रिंटर शेअर करणाऱ्या यंत्रावर, नवा ड्रायव्हर टाकला की बाकीची यंत्रं गुपचूप तो ओढून घेत. आता साधं लॉगिन असेल तर ते अडतं. सर्व्हरवर नवा ड्रायव्हर, तुमच्याकडे जुना, आणि सेटिंग्ज एकमेकांना जुळत नाहीत. उपाय साधा आहे: त्या यंत्रावर एकदा ॲडमिनने लॉगिन करून ड्रायव्हर अपडेट करा.

त्याच वर्षी सप्टेंबरपासून बऱ्याच जणांना शेअर केलेला प्रिंटर जोडताना ०एक्स०००००११बी हा त्रुटी क्रमांक दिसू लागला. दोन यंत्रांमधला प्रिंटचा संवाद अधिक सुरक्षित करण्याची सक्ती त्या महिन्यात लागू झाली आणि अपडेट न केलेली यंत्रं मागे राहिली. रजिस्ट्रीतला एक आकडा शून्य करा, चालू होईल, असं सांगणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात. चालू होतंही. पण त्याने तुम्ही ती सक्तीच काढून टाकता. दोन्ही यंत्रांचं विंडोज अपडेट करा, आणि प्रिंटरला नेटवर्कची सोय असेल तर मधलं यंत्र सोडून प्रत्येकाने थेट त्याच्या आयपी पत्त्यावर जोडून घ्या. एका कॉम्प्युटरवर सगळ्या ऑफिसची प्रिंट अवलंबून ठेवण्यात तसाही शहाणपणा नाही. तो बंद असला की सगळे हात बांधून बसतात.

प्रिंटरचं स्वतःचं डोकं

चिठ्ठी बरोबर लिहिली, बरोबर पोहोचली, तरी प्रिंटर थांबून कागद मागतो, कारण त्याच्या पॅनेलवर ट्रे १ मध्ये लेटर असल्याची नोंद आहे. ट्रेमध्ये तुम्ही काय ठेवलंय ते अनेक छोट्या प्रिंटरांना डोळ्यांनी दिसत नाही. पॅनेलवर सांगितलं ते ते खरं मानतात. ट्रेमधले सरकते गाइड ए-फोरच्या खुणेवर आणा आणि पॅनेलवर माप व कागदाचा प्रकार दोन्ही नोंदवा. पॅनेलवर बटणं कमी असतील तर ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता टाका, बहुतेक नेटवर्क प्रिंटर स्वतःचं सेटिंगचं पान उघडून देतात. पॅनेलवर "पाठपोट: चालू" करून ठेवलं म्हणजे झालं, असं मात्र समजू नका. प्रिंटरचं स्वतःचं सेटिंग सहसा चिठ्ठीत काही लिहिलेलं नसेल तेव्हाच उपयोगी पडतं, आणि विंडोजची चिठ्ठी बहुधा भरलेली असते.

नेमकं कुठे बिनसलंय

नोटपॅड उघडा, दोन पानं भरतील एवढा मजकूर टाका आणि प्रिंट द्या. प्रिंटच्या खिडकीत फक्त प्रिंटरचं नाव तपासा, बाकी कशाला हात लावू नका. नोटपॅडने तुमचं सेटिंग पाळलं आणि वर्ड-एक्सेलने नाही, तर दोष ॲपमध्ये किंवा फाइलमध्ये. कोरी फाइल घेऊन पाहिलं की त्या दोहोंतला कोणता तेही कळेल. नोटपॅडनेही पाळलं नाही, तर त्याच यंत्रावर दुसऱ्या लॉगिनने तेच करा. तिथे बरोबर आलं तर तुमच्या लॉगिनची प्रत बिघडलीय. तिथेही चूक, तर दुसऱ्या यंत्रावरून त्याच प्रिंटरवर पाठवा. दुसरं यंत्र बरोबर छापत असेल तर दोष तुमच्या यंत्राच्या ड्रायव्हरमध्ये किंवा पोर्टमध्ये, म्हणजे प्रिंट ज्या वाटेने प्रिंटरकडे जाते तिथे. तेही चुकत असेल तर प्रिंटरचं पॅनेल तपासा. विंडोजच्या टेस्ट पेजवर यात विसंबू नका. ते एकच पान असतं, पाठपोटबद्दल काय सांगणार?

मॅकवर हा पसारा जरा आटोपशीर आहे. तिथे प्रिंटच्या खिडकीत सेटिंग्जचा संच नाव देऊन प्रीसेट म्हणून ठेवता येतो. नाव दिलं नाही तर पुढच्या वेळी तो टिकेलच असं नाही. सगळंच हाताबाहेर गेलं तर प्रिंटरच्या यादीवर कंट्रोल दाबून क्लिक केल्यावर पूर्ण प्रिंट व्यवस्था मूळपदावर आणायचा पर्याय मिळतो, पण त्याने सगळेच प्रिंटर निघून जातात. लिनक्समध्ये प्रिंटचं काम कप्स नावाची व्यवस्था बघते. सगळ्यांसाठीचं सेटिंग ईटीसी फोल्डरातल्या कप्समध्ये आणि तुमचं तुमच्या होम फोल्डरात लपलेल्या कप्स फोल्डरात असतं, आणि दोन्ही असली तर तुमचं चालतं. एकदा कधीतरी केलेली ती छोटी फाइल विसरून लोक तासन्‌तास सर्व्हरशी भांडतात.

एवढं करूनही तंत्रज्ञाला बोलवायची वेळ आली तर फोनवरच चार गोष्टी सांगा: ॲडव्हान्स्ड टॅबमधलं ड्रायव्हरचं पूर्ण नाव, पोर्ट्स टॅबमध्ये ज्या ओळीपुढे खूण आहे ती ओळ, नोटपॅडमधून काय निघालं, आणि दुसऱ्या लॉगिनवर काय झालं. पाठपोट युनिट बाहेरून बसवलेलं असेल तर तेही. तो येताना योग्य ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन येईल, आणि "काढून परत टाकून बघू" या वाक्याने सुरुवात करणार नाही.